नव्याच्या सणाचा हलवा

वरचं निवळलेलं पाणी अलगद ओतून टाकायचं आणि तळाशी बसलेला गव्हाचा चीक हलू द्यायचा नाही, एवढंच काम होतं. आणि नेमका तेव्हाच फोन वाजला. मिलकाने तो वाजू दिला. पातेलं दोन्ही हातांनी तिरकं धरलेलं, पिवळसर पाण्याची बारीक धार मोरीत पडतेय आणि बाहेर फोन आपला ठणाणा करतोय. बारा वेळा वाजून तो थांबला आणि परत सुरू झाला. म्हणजे इलान. दुसऱ्या कुणाला एवढा दम नसतो आणि एवढी घाईही नसते. शेवटी तिने पातेलं खाली ठेवलं, तेही जरा आदळूनच, आणि स्वतःवर चरफडत ओल्या हाताने रिसीव्हर उचलला. "मम्मी, मला आज हाफ डे मिळत नाहीये. रिलीज आहे. पण सातपर्यंत पोचतो मी, डोन्ट वरी. आणि ऐक ना, सोनाली येतेय तुझ्या मदतीला. तिने सुट्टी टाकलीये." कोण सोनाली, असं विचारायची सोय नव्हती. गेले सहा महिने हे नाव रोज जेवणाच्या वेळी मोबाईलवर येत होतं आणि इलान ताट सोडून गॅलरीत जात होता. "मला मदत नकोय," मिलका म्हणाली. "अगं, ती निघालीसुद्धा. आणि रात्री जेवायला थांबेल. आत्याशी ओळख होईल तिची." एवढं बोलून त्याने ठेवला. मिलका परत आत आली तेव्हा पातेल्यातलं पाणी ढवळून पार गढूळ झालं होतं. आता पुन्हा तासभर निवळत ठेवणं आलं.

ती पाटावर बसून राहिली. करण्यासारखं खूप होतं, भोपळा चिरायचा होता, खजूर निवडायचा होता, डाळिंबं सोलायची होती, पण तासभर ती त्या पातेल्याकडे बघत बसली असती तरी तिला चाललं असतं, इतका तिचा जीव त्या चिकात अडकला होता. तीन दिवस झाले. रविवारी गहू भिजत घातले, रोज सकाळी पाणी बदललं, काल दुपारी ते वाटले, पंच्याच्या फडक्यातून पिळून पिळून काढले, मनगटं भरून आली, आणि रात्रभर तो चीक खाली बसला. आता त्यात नारळाचं दूध, साखर, चिमूटभर मीठ आणि मग दोन तास हलवणं. हात थांबला की तळाला लागलाच. नव्याच्या सणाला, म्हणजे त्यांच्या नव्या वर्षाला, हा हलवा, घरात त्यालाही चीकच म्हणत, झाला नाही तर वर्ष सुरू झालं असं सासूबाई मानायच्याच नाहीत. बँकेत होती तेव्हा मिलका दर वर्षी या दिवशी रजा टाकायची आणि दर वर्षी कुणीतरी विचारायचंच, "म्हणजे तुम्ही ख्रिश्चन का?" नाही म्हटलं की, "मग पारशी?" अठ्ठावीस वर्षांत तिने हे इतक्यांदा समजावलं की पुढे पुढे ती नुसतंच "हो" म्हणायची. रोहेकर आडनाव, घरात मराठी, गळ्यात काळी पोत, आणि तरी ज्यू. एवढं सगळं काउंटरवर उभं राहून कोण सांगत बसणार. मग बँकेत कॉम्प्युटर आले, स्वेच्छानिवृत्तीची योजना आली, आणि तिची स्वेच्छा काय आहे हे साहेबांनीच तिला समजावून सांगितलं. त्याच वर्षी इलानला हिंजवडीत नोकरी लागली. घरात पेढे आले. तिने दोन्ही गोष्टींचे एकदमच वाटून टाकले.

पण आजचा जीव अडकला होता तो सणापायी नव्हे, हे तिचं तिला ठाऊक होतं. तो फ्लोराताईपायी होता. फ्लोरा ही तिची मोठी नणंद, नवऱ्याची, शलोमची बहीण. तीस वर्षांपूर्वी नवरा-पोरांसह इस्रायलला गेली, अश्दोदला स्थायिक झाली, आणि आज रात्री तेव्हापासून पहिल्यांदाच सणाला या घरात जेवणार होती. आणि बहात्तर साली, मिलकाचा लग्नानंतरचा पहिलाच नव्याचा सण होता तेव्हा, याच फ्लोराताईने अठरा माणसांसमोर चमचा मागितला होता. रेवदंड्याहून आलेली मिलका तेव्हा चोवीस वर्षांची. चीक तिच्याकडे दिला होता आणि तो काही केल्या घट्ट होईना. ताटात ओतला तो ओतलेलाच राहिला. सुरी फिरवली की मागून मिटायचा. फ्लोराताई म्हणाली, "आमच्यात चीक कापून खातात गं. तुमच्या रेवदंड्याला पितात वाटतं?" सगळे हसले. शलोमही हसला. तो वाईट माणूस नव्हता, मुळीच नव्हता, पण तो हसला, आणि त्याला जाऊन आज नऊ वर्षं झाली तरी ते हसणं मिलकाने काही माफ केलं नव्हतं. त्यानंतर सासूबाईंनी तिच्या हातात कालथा दिलाच नाही. "मिलकाच्या हाताला चीक नाही," हे घरात एखाद्याला मधुमेह आहे म्हणावं तसं सहज बोललं जायचं. सासूबाई गेल्यावर ती दर वर्षी करत आली. एकदा बरा व्हायचा, एकदा चिवट, एकदा दाणेदार. शलोम मुकाट्याने खायचा आणि वर्षातून एकदा अश्दोदहून निळ्या पाकिटात पत्र यायचं, त्यात खुशाली, हवापाणी आणि शेवटी एक ओळ: 'चीक जमला का?' गेल्या वर्षीचं पत्र तर तिला पाठ होतं. 'आम्ही इथे कॉर्नफ्लोअर आणि चायना ग्रास घालून पाऊण तासात करतो, पण तो काही खरा नव्हे. खरा चीक आईच्या हातचा. पुढच्या सणाला येते आहे. बघू तुझ्याकडे कसा मिळतो ते.' बघू म्हणे. छपन्न वर्षांच्या बाईची परीक्षा घ्यायला अडुसष्ट वर्षांची बाई समुद्रापलीकडून येत होती, आणि मजा म्हणजे ही छपन्न वर्षांची बाई खरोखरच परीक्षेला बसल्यासारखी घाबरली होती. याचाच तिला संताप येत होता.

साडेबाराला बेल वाजली. दारात पाठीवर ऑफिसची सॅक घेतलेली एक उंच, सावळी मुलगी. घामेजलेली, हातात पिशवी. "काकू, मी सोनाली वानखडे. इलाननं सांगितलं असेल ना? खूप ट्रॅफिक होता, सगळीकडे मंडपच मंडप." गणपती तीन दिवसांवर आले होते. खाली रस्त्यावर सकाळपासून बांबू ठोकणं चाललं होतं. "ये," मिलका म्हणाली. मुलगी सँडल काढून आत आली, आधी हातपाय धुतले, ओढणी कमरेला खोचली आणि स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली. हे सगळं तिने न सांगता केलं, हे मिलकाच्या लक्षात आलं आणि त्यानेही तिची चिडचिडच झाली. कारण नावं ठेवायला काही सापडलं असतं तर बरं वाटलं असतं. "हे आईनं दिलंय तुमच्यासाठी. अकोल्याहून आलं काल. घरच्या म्हशीचं साजूक तूप." पिशवीतून स्टीलचा उभा डबा निघाला. "कशाला एवढं?" म्हणत मिलकाने तो ओट्याच्या कडेला ठेवला. घरात सकाळपासून मटण शिजत होतं. नियमाप्रमाणे कापलेलं, मुंबईहून बर्फात घालून मागवलेलं, मिठात मुरवून धुतलेलं मटण, नारळाच्या रसातलं. ज्या दिवशी मटण त्या दिवशी दुधाचा थेंब किंवा तुपाचं बोट नाही, चहासुद्धा कोरा. हे या घरात भिंतीसारखं होतं. भिंत आहे असं कुणी पाहुण्याला सांगत बसतं का? इलानने सांगितलं असेल, असं ती धरून चालली. पोरगा सहा महिने रोज तास तास बोलतो, त्यात एवढं तरी बोलला असेल.

सोनालीने भोपळा चिरला, डाळिंबं सोलली आणि न विचारता बोलत राहिली. तिची कंपनी, तिची पीजी, तिथली मालकीण रात्री दहानंतर गरम पाणी बंद करते ते, आणि आपण प्रोजेक्टवर इलानच्या सीनिअर आहोत हे तिने हसत हसत सांगितलं तेव्हा मिलकाने पहिल्यांदा मान वर करून तिच्याकडे बघितलं. इलान हे बोलला नव्हता. दोनच्या सुमारास चीक पातेल्यात गेला. पातेलं सासूबाईंचं, तांब्याचं, जड. वर्षभर माळ्यावर असायचं आणि फक्त या हलव्यासाठी उतरायचं. मागच्या आठवड्यात मिलका स्वतः कसबा पेठेत जाऊन, तांबट आळीत दोन दुकानांतून नकार ऐकून, तिसऱ्याकडून त्याला कल्हई करून घेऊन आली होती. "आता कोण कल्हई करतं बाई," तिसरा म्हणाला होता, "नॉनस्टिक घ्या." ती हलवू लागली. पहिली वीस मिनिटं नुसतं पांढरं पाणी. मग कालथ्याला जडपणा येऊ लागतो, आणि तो जडपणा दंडातून खांद्यात चढतो, आणि तिथेच दर वर्षी तिला प्रश्न पडतो. घट्ट होतंय की गाठी होतायत? सासूबाईंनी कधी सांगितलं नाही. विचारलं की म्हणायच्या, "हाताला कळतं." ज्यांच्या हाताला कळतं ती माणसं तोंडाने काही सांगत नाहीत आणि मग म्हणतात, हिला येत नाही. बँकेतही तेच. नवीन मशीन आली तेव्हा बावीस वर्षांचा एक मुलगा तिला शिकवायला बसवला होता. तो दोनदा बटणं दाबायचा, "इझी आहे मॅडम" म्हणायचा आणि उठून चहाला जायचा. इझी असतंच. ज्याला येतं त्याला सगळंच इझी.

"काकू, मी हलवू का थोडा वेळ? तुम्ही दमलात." "नको." "तळाला चिकटतंय जरा..." "मला दिसतंय." मुलगी भोपळ्याच्या साली गोळा करू लागली. मिलकाला स्वतःचा स्वर ऐकू आला आणि तो हुबेहूब सासूबाईंचा होता, आणि तिला कसंसंच झालं. पण ती नरम काही पडली नाही. सव्वातास झाला होता. हलवा जड झाला होता, पण पातेल्याच्या कडा सोडत नव्हता. कडा सोडल्या पाहिजेत, एकसंध गोळा फिरला पाहिजे. आणखी अर्धा तास, निदान. घामाची एक धार पाठीवरून खाली उतरत होती आणि तिला पुसता येत नव्हती. तेवढ्यात फोन वाजला. सोनाली उचलून आली. "काकू, तुमच्या आत्या... म्हणजे इलानच्या. लोणावळ्याजवळ आहेत म्हणे. तुम्हालाच बोलवतायत." मिलकाने एकदा पातेल्याकडे बघितलं, एकदा फोनकडे. नाही म्हणावं तर फ्लोराताई. "इकडे ये. धर हा. नुसतं हलवत राहा, तळापासून. थांबायचं नाही. बाकी काही करायचं नाही." "हो काकू."

फोनवर फ्लोराताईचा आवाज जसाच्या तसा होता, तीस वर्षांत एवढाही बदलला नव्हता. ड्रायव्हर गाढव आहे. मुंबईला काही ओळखू आलं नाही. हा नवीन रस्ता आमच्या तेल अवीव हायवेसारखाच आहे, पण माणसं मध्येच चालतात. चुलतभाऊ मोझेसला सांग मला घ्यायला खाली येऊ नकोस, त्याचे गुडघे कुठे आहेत आता. आणि रास्ता पेठेत शिरायचं ते पॉवर हाऊसकडूनच ना, की तेही बदललं? मिलका हो, नाही, हो म्हणत राहिली. तिचं सगळं लक्ष स्वयंपाकघरातून येणाऱ्या कालथ्याच्या आवाजाकडे होतं. तो थांबला का? नाही, चालू आहे. थांबला. परत सुरू झाला. "आणि काय गं," फ्लोराताई म्हणाली, "चीक केलायस ना? की मिठाई आणून ठेवलीयेस?" "करतेच आहे. पातेल्यासमोरून उठून आलेय." "मग जा बाई, जा. नाहीतर मला चमचा लागायचा." आणि ती हसली. बत्तीस वर्षांनी, गाडीत बसून, ती तेच हसली. म्हणजे तिलाही आठवत होतं. मिलकाला वाटत होतं की निदान ती तरी विसरली असेल.

ती आत आली आणि उभीच राहिली. हलव्याने कडा सोडल्या होत्या. सोनालीच्या कालथ्याबरोबर अख्खा गोळा पातेल्यात फिरत होता, एकसंध, आतून उजेड असल्यासारखा चमकत, आणि तळ लख्ख दिसत होता. असा हलवा तिने फक्त सासूबाईंच्या हाताखाली बघितला होता, तोही लांबून. जमला, तिला वाटलं. जमला, जमला, आणि तिच्या डोळ्यांत चक्क पाणी आलं. ती पुढे झाली, वाकली, आणि तिला वास आला. खमंग, दाट, ओळखीचा आणि आज या घरात नसायला हवा तो वास. ओट्यावर स्टीलच्या डब्याचं झाकण बाजूला पडलं होतं. "काय घातलंस?" "थोडंसं तूप, काकू. दोन-तीन चमचेच. फार चिकटत होतं हो, खाली लागलं असतं. आई म्हणते, हलव्याला तूप लागतंच, हात आखडायचा नाही." मुलीचा चेहरा वाफेने लाल झाला होता आणि तिला इतका आनंद झाला होता की मिलकाला तिच्याकडे बघवेना. "छान झालाय ना?" "हो," मिलका म्हणाली. "छान झालाय."

बोलायला हवं होतं. तिथल्या तिथे, सरळ शब्दांत, की बाई गं, आमच्यात मटणाच्या जेवणावर तूप चालत नाही, सहा तास मध्ये जावे लागतात, तुला ठाऊक नव्हतं, तुझी चूक नाही, पण हे आता वाढता येणार नाही. एवढी चार वाक्यं. पण तिच्या तोंडात चार वाक्यं नव्हतीच. होतं ते सगळं एकदम ओरडूनच बाहेर आलं असतं, तीन दिवसांचं, तीस वर्षांचं, इलानच्या फोनचं, आणि ते या परक्याच्या पोरीवर पडलं असतं, सणाच्या दिवशी, कालथा हातात असताना. कालथा हातात असलेल्या मुलीला काय ऐकवायचं असतं ते मिलकाला तोंडपाठ होतं. म्हणून तिने दातावर दात ठेवले. थाळे काढले, हलवा ओतला, वर बदाम-पिस्त्याचे काप दाबले. थापताना तो तिच्या तळव्याखाली इतका गुळगुळीत पसरला की तिला रडू कोसळायचंच बाकी राहिलं. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती. आणि पातेलं? तूप लागलं म्हणजे तेही गेलं. त्याला आता पुन्हा कल्हईला न्यायचं, आणि विचारायचं तरी कुणाला की एवढ्याने ते शुद्ध होतं का. तिने मनात सगळ्या वाटा धुंडाळल्या. मटण वाढायचंच नाही? मग वर्षाच्या पहिल्या रात्री फ्लोराताईच्या पानात काय, भोपळा आणि खजूर? दुसरा चीक? त्याला तीन दिवस. कॉर्नफ्लोअरचा? मेले तरी नाही. गप्प बसून वाढून टाकायचा? इथे ती जरा जास्त वेळ थांबली, हे कबूल केलं पाहिजे. कुणाला कळणार होतं? पण नव्या वर्षाच्या ताटावर, देवाचं नाव घेऊन, फ्लोराताईला फसवून खाऊ घालायचं आणि मग तिच्याकडून शाबासकी घ्यायची, हे तिच्याने होण्यातलं नव्हतं.

सोनाली फुलं आणायला खाली गेली तेव्हा मिलकाने दोन्ही थाळे उचलले आणि समोरच्या दाराची बेल दाबली. सत्यशीलाताई कांबळे पंधरा वर्षांपासूनची शेजारीण, साखर संकुलात नोकरीला, नुकतीच ऑफिसातून आलेली. "हे घ्या. उद्या ऑफिसात वाटून टाका." "अहो, दोन्ही? तुमचा सण ना आज?" "तूप पडलंय त्यात." सत्यशीलाताईंना या घरातलं दूध-मटणाचं सगळं माहीत होतं; पंधरा वर्षांत इलानला कित्येकदा त्यांनी आपल्या घरी ग्लासभर दूध देऊन परत पाठवलं होतं. त्यांनी थाळ्याकडे बघितलं. "आणि झालाय किती सुंदर," त्या हळहळून म्हणाल्या. "ते सांगू नका मला," मिलका म्हणाली आणि दार लावून घेतलं.

सात वाजता दिवे लागले. इलान खरंच वेळेवर आला, आंघोळ करून, टोपी घालून बसला. फ्लोराताई आली ती बारीक होऊन, केस कापून, पँट घालून. पण टेबलाशी बसली ती थेट सासूबाईंच्या खुर्चीवर. दुसऱ्या टोकाला मोझेसअंकल, शलोमचे चुलतभाऊ, ऐंशीच्या घरातले, दात नसलेले. त्यांनी मनुकांच्या सरबतावर प्रार्थना म्हटली, सफरचंदाची फोड मधात बुडवून सगळ्यांना दिली, खजूर झाला, भोपळा झाला, डाळिंब झालं. सोनाली प्रत्येक घासाआधी इलानकडे बघायची आणि तो म्हणेल तसं करायची. मग मटण आलं, भात आला. फ्लोराताईने बोटं चाटली. मिलका वाढत होती, जेवत होती आणि एका वाक्याची वाट बघत होती. ते आलं. "झालं गं सगळं झकास. आता आण तुझा चीक. बघू." "नाहीये," मिलका म्हणाली. "लागला खाली. टाकून दिला." तिने हे चार वेळा मोरीत तोंड धुताना म्हणून बघितलं होतं, त्यामुळे नीट आलं. फ्लोराताईने खुर्चीला पाठ टेकली. "बघ. मी गाडीतच म्हटलं होतं. नाहीच तुझ्या हाताला." इलान म्हणाला, "काय मम्मी, तीन दिवस करतेस आणि..." पुढचं त्याने गिळलं, पण तेवढंही पुष्कळ होतं. मिलका ताटातला भात गोळा करत राहिली. तो गोळा होत होता, परत पसरत होता. तिला एवढंच वाटत होतं की हे लवकर संपावं आणि भांडी घासायला घ्यावीत.

"पण लागला नव्हता." हे सोनाली बोलली. सगळ्यांनी तिच्याकडे बघितलं. "काकू, लागला नव्हता तो. इतका मस्त झाला होता. मी शेवटी तूप घातलं ना, मग एकदम सुटला."  मग इलानने कपाळावर हात मारला. "ओह शिट. तूप? सोनाली, मटण आहे आज." "मग?" "मीट आणि डेअरी एकत्र नाही चालत आमच्यात. सांगितलं नव्हतं का मी?" "नाही." सोनालीचा चेहरा पांढरा पडत गेला. "तू फक्त म्हणालास, जा आणि मम्मीला मदत कर." ती मिलकाकडे वळली. "काकू, तुम्ही मला तेव्हाच का नाही सांगितलं? मी विचारलं ना, छान झालाय का?"  आता ही पोरगी रडणार, मिलकाने मनात म्हटलं, आणि झालं, वर्षाची सुरुवात.

पण हसायला लागली ती फ्लोराताई. "म्हणजे टाकला नाहीस ना? तुपासाठी? अगं वेडे, आण तो इकडे!" "ताई, मटण खाल्लंय आपण." "खाल्लं तर खाल्लं. माझी नातवंडं मांसाच्या पावात चीज घालून खातात अश्दोदला, आणि मी समोर बसून बिल देते. तीस वर्षं झाली, कोण पाळतं हे?" "आम्ही पाळतो," मिलका म्हणाली. पण तिचा आवाज कुणाला ऐकू गेला नाही, कारण इलान उठलाच होता. कुठे आहे हे त्याला विचारावं लागलं नाही; या घरात न चालणारं काही असलं की ते समोरच जायचं, हे त्याला ठाऊक होतं. समोरच्या दारात जाऊन तो तीन मिनिटांत दोन्ही थाळे घेऊन परत आला. दिलेली वस्तू परत मागून आणली. एका थाळ्यातल्या दोन वड्या कमी होत्या. मिलकाला जमिनीने पोटात घ्यावं असं झालं. मोझेसअंकलनी एकदा थाळ्याकडे बघितलं, एकदा मिलकाकडे. "मला हल्ली ऐकू कमी येतं," ते म्हणाले आणि ताटली पुढे केली.

फ्लोराताईने वडी उचलली, उजेडात धरली, दाताने तोडली आणि डोळे मिटले.  मग डोळे उघडले तेव्हा ते भरून आले होते. "आईचा," ती म्हणाली. "अगदी आईच्या हातचा, मिलका. तीस वर्षं मी हा शोधतेय. शाबास गं." बत्तीस वर्षं मिलका ज्या वाक्यासाठी गहू भिजवत आली होती ते हे वाक्य, आणि ते आलं तेव्हा तिच्या जिभेवर मटणाची चव होती. खरंच तसा झालाय का, हे तिला कळायला मार्ग नव्हता. तुपाने झाला की तिच्या हाताने? मग सासूबाईसुद्धा कधी गुपचूप... छे, छे. तिने तो विचार तिथेच तोडला. इलान दुसरी वडी घेत होता, अंकल बोटाने थाळा पुसत होते, फ्लोराताई तिसरी वडी उचलत होती आणि मिलकाला भयंकर संताप आला; कुणावर, तेही कळेना.

सोनालीने आपल्या ताटलीतली वडी उचलून परत थाळ्यात ठेवली. "किती वेळ थांबायचं असतं, काकू?" "कशाला?" "मटणानंतर." "सहा तास. तुला काय करायचंय? तुला कुणी नको म्हटलंय का?" "नाही," सोनाली म्हणाली, "पण तुम्ही खाल्ला नाही ना अजून. मग उद्या खाऊ." तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पण आवाज हट्टी होता.  मिलका उठली, फ्लोराताईच्या हाताखालून थाळा ओढून घेतला, "अगं, अगं!" असं ती म्हणत असतानाच सुरी घेतली, मधल्या दोन चांगल्या मोठ्या वड्या कापल्या, वाटीत घालून वर झाकण ठेवलं आणि उरलेला थाळा परत नणंदेपुढे सरकवला. "आता संपवा," ती म्हणाली.